बुलीचा मान

दाजी गावकर मैदानावरून घरी परतला तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सातेरीवाडीचा हॉकी संघ पुन्हा हरला होता, तोही कुडाळकरांकडून आणि घरच्या मैदानावर. हातपाय न धुताच तो ओट्यावर बसला आणि एकेकाचा उद्धार करू लागला. पंच आंधळा. मैदान उताराचं. मुंबईला नोकरीला पळालेले जुने खेळाडू कृतघ्न आणि त्यांच्या जागी भरलेली नवी पोरं शेणामेणाची. कुडाळकरांच्या सेंटर फॉरवर्डला तर आईबापांनी काही वळणच लावलेलं नव्हतं. समोर कोण उभा आहे, त्याच्या घराण्याचा मान काय, हे न बघता खुशाल त्याच्या पायातून चेंडू काढून नेतो म्हणजे काय!

त्याची बायको रुक्मिणी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सगळं ऐकून घेऊन ती शांतपणे म्हणाली, "बुलीक तुमका वाकूक जमना नाय, ह्यां कोणच कसा बोलना नाय?"

दाजीनं तांब्या असा आपटला की पाणी उंबऱ्यापर्यंत गेलं.

आता ह्या बुलीविषयी सांगायला हवं, नाहीतर दाजीचा संताप कळायचा नाही. त्या काळी हॉकीचा सामना बुलीनं सुरू व्हायचा. दोन्ही बाजूंचे सेंटर फॉरवर्ड मधोमध समोरासमोर वाकायचे. स्टिक एकदा जमिनीला आणि एकदा समोरच्याच्या स्टिकला, असं तीनदा टेकवून झालं की ज्याचा हात चपळ, त्याचा चेंडू. गोल झाला की पुन्हा बुली. म्हणजे बुली घेणारा ढिला असला तर संघ आधीच अर्धा हरला. दाजीची चाळिशी केव्हाच उलटली होती, पोट पुढे आलं होतं, आणि तो वाकून चेंडू शोधीपर्यंत चेंडू त्याच्या पाठीमागे पोचलेला असायचा.

मग दाजीच का? तर मान! हा संघ दाजीच्या वडिलांनी उभा केला, देवळाच्या पैशातून. म्हणून स्टिका सातेरीच्या देवळात ठेवलेल्या. सामन्याआधी सगळे देवळात जमणार, नारळ ठेवून देवीला गाऱ्हाणं घालणार, आणि मग पुजारी एकेकाच्या हातात स्टिक देणार, तीही मानाप्रमाणे. पालखीला पहिला खांदा गावकरांचा, होळीला पहिला हात गावकरांचा, तेव्हा बुलीही गावकरांची. मधली फळी दुसऱ्या मानकऱ्यांची, आणि बिनमानाची पोरं उरल्यासुरल्या जागी. पालखी खांद्यावर घेणं वेगळं आणि चेंडू काढून नेणं वेगळं, हे वाडीत कुणाच्या डोक्यात आलं नसेल असं नाही. पण ज्यांच्या आलं ते गप्प बसले. असल्या गप्प बसण्यालाच आपल्याकडे रीतभात म्हणतात.

इतकी वर्षं हे खपून गेलं, कारण दाजी तरणा होता आणि बाजूचे गडीही दमाचे होते. पण एकेक करत ते गोदीत, गिरणीत, पोलिसात गेले. मेलबर्नला आपल्या संघानं सोनं जिंकलं त्याच्या दुसऱ्या वर्षी सातेरीवाडीत संघ म्हणून जे उरलं, ते बघून मालवणची पोरं हसायची. स्पर्धेच्या मंडळींनी जाहीर करून टाकलं होतं की जो संघ तळाला राहील त्याला पुढच्या वर्षीपासून प्रवेश नाही. तीन सामने शिल्लक होते आणि तिन्ही जिंकल्याशिवाय तळ सुटणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी संघाचा कप्तान भाई मास्तर देवळाच्या आवारात दाजीला गाठून चाचरत म्हणाला, "दाजीनू, उरलेले सामने बुली सत्यवानाक दिलास तर?"

सत्यवान रापणीवर जाळं ओढणारा. ओहोटीला वाळू घट्ट झाली की तिच्यावर चेंडू घेऊन असा पळायचा की जाळं ओढणारी माणसं दोर सोडून बघत राहायची. संघात त्याला जागा होती ती अगदी मागे कोपऱ्यात, आणि तीही कोणी आजारी पडलं तर.

"उद्या पालखेचो खांदोय रापणकाराक देशात!" दाजी कडाडला. "माझ्या बापाशीन ही बुली मरासर घेतली. मी सोडू? मास्तर आसास म्हणान आयकान घेतलंय. दुसरो कोण आसतो तर दाखवलंय आसतंय."

भाईनं टोपी सारखी केली आणि निघून गेला.

त्याच आठवड्यात मुंबईहून तार आली. भावकीतला दत्ताराम वारला. दाजीनं त्याला कित्येक वर्षांत पाहिलंही नव्हतं, पण भावकी ती भावकी. सुतक लागलं. सुतकात देवळाची पायरी चढायची नाही, म्हणजे स्टिक हातात घ्यायची नाही, म्हणजे खेळायचं नाही. मानकरी सुतकात असला की त्याचा मान तेवढ्यापुरता रिकामा राहतो, आणि रिकाम्या मानाला कोणीही हात लावला तर चालतं. भाईनं स्टिक सत्यवानच्या हातात दिली.

दाजी मैदानाच्या कडेला सुरंगीच्या झाडाखाली बसून राहिला. सत्यवाननं पहिलीच बुली अशी काढली की वेंगुर्लेकरांचा गडी रिकाम्या जमिनीवर स्टिक टेकवत राहिला. पुढचं काय सांगावं! जी पोरं शेणामेणाची वाटत होती ती चेंडू पायाशी यायला लागल्यावर माणसांसारखी खेळू लागली. सातेरीवाडी जिंकली. पुढच्या आयतवारी पुन्हा जिंकली. दाजी झाडाखालून "मार, सत्या, मार!" असं ओरडला होता हे दोघांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. दाजीनं ते कधीच कबूल केलं नाही.

पण जिंकल्यावर पोरं नाचत देवळाकडे निघाली तेव्हा झाडाकडे एकानंही वळून पाहिलं नाही. ते दाजीला फार लागलं.

सुतक फिटलं, आणि शेवटचा सामना मालवणकरांशी होता. त्या आठवड्यात दाजीला एक वेगळीच गोष्ट जाणवू लागली. वाडीतली पोरं त्याच्याशी अतिशय प्रेमानं वागत होती. दुकानात एकानं विचारलं, "तुमच्या चुलतभावाचो दमो कसो आसा आता?" विहिरीवर दुसऱ्यानं विचारलं, "थोरल्या आत्येक दिसता काय हो बरां?" आणि तिठ्यावर गोलकीपर बाळानं अगदी गहिवरून विचारलं, "दाजीनू, पिंगुळेची काशीबाय काकी बरी आसा मां? वय झाला आता तिचां!"

दाजीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मेल्यानू!" तो असा ओरडला की तिठ्यावरचे कावळे उडाले. "माझी माणसां कधी मरतत त्येची वाट बगतास? मयतावर टपान बसलास? शरमो नाय वाटणत?"

पोरं पांगली. एकटा सत्यवान उभा राहिला. त्याच्या खांद्यावर ओल्या जाळ्याचा दोर होता.

"मी कोणाच्या मरणाची वाट बगूक नाय, दाजीनू," तो म्हणाला. "माकाच शरम वाटता. पण तुमीच सांगा, मी बुली घेवची तर तुमच्या घरात कोण तरी मरूक व्हया. आमी जित्या माणसांच्या संगतीन खेळूचाच नाय? असलो खेळ माका नको. आयतवारी मी येवचंय नाय. तुमचो मान तुमका लखलाभ!"

एवढं बोलून तो समुद्राकडे चालू लागला. रापणीवरचा एक पोर आपल्याला भर तिठ्यावर असं बोलतो! दाजी घरी आला आणि जेवलाच नाही. राग इतका आला होता की झोपही लागेना. आणि सगळ्यात जास्त राग कशाचा, तर त्या पोराचं बोलणं कितीही उलटंपालटं करून पाहिलं तरी खोटं ठरत नव्हतं, त्याचा.

सत्यवान नाही म्हणजे सामना गेला. सामना गेला म्हणजे संघ गेला, वडिलांनी उभा केलेला. हे दाजीला समजत होतं. पण "मी मान सोडला" हे शब्द आजवर कुठल्याही गावकरानं उच्चारले नव्हते. ते तोंडातून काढायचे कसे? शनिवारी सकाळी त्यानं भाईला गाठलं आणि खाली मान घालून सांगितलं, "पिंगुळेसून सांगावो इलो. काशीबाय काकी गेली."

काशीबाई ही त्याच्या धाकट्या चुलत्याची विधवा. लेकीकडे पिंगुळीला राहायची. तिला साधं पडसंही झालेलं नव्हतं.

रुक्मिणीनं नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "काकी गेली तर तुमी आंगोळ कित्याक नाय केल्यात?" मग दाजी उठला आणि विहिरीवर जाऊन शेजाऱ्यांना दिसेल अशी कपड्यांसकट आंघोळ करून आला. एका माणसाला खरं बोलायला जीभ उचलत नाही, म्हणून तो काय काय करतो बघा!

पण आपल्या गावची माणसं कशी आहेत हे तो विसरला. मयताची बातमी आली की घरात बसून राहायचं नाही, खांदा द्यायला निघायचं. बाळा आणि आणखी तिघे दुपारच्या एस.टी.नं पिंगुळीला पोचले. काशीबाई ओट्यावर कुळीथ निवडत बसली होती. "कित्याक रे इल्यात चवगेय?" तिनं विचारलं. खोटं बोलायची त्यांची कुवत नव्हती. बाळानं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं सुरू व्हायच्या बेतात होतं. मालवणकर मैदानात पोचले होते. सुतकी दाजी देवळाच्या पायरीखाली उभा होता. भाईनं कसंबसं समजावून आणलेला सत्यवान तुळशीजवळ आला होता, पण त्यानं स्टिकेकडे जायचं नाव घेतलं नव्हतं. तेवढ्यात एस.टी.तून उतरून काशीबाई चौघांच्या मधून तरातरा चालत आली. ज्यांना तिला खांद्यावरून न्यायचं होतं त्यांना तिच्याबरोबर चालताना धाप लागली होती.

"दाज्या!" ती म्हणाली. "जित्या म्हातारेक मारलंस? लाज वाटूक नाय तुका?"

"काकी, तसां नाय..."

"तसां नाय तर कसां? पोरान माका सगळा सांगलान. बुली झेपना नाय, तर तोंडान सांग. जीभ झडली तुजी? एक शबूद बोलूक भितंस म्हणान माजी तिरडी बांधतंस? मी मरतलंय तेवा माज्यासाठी मरतलंय. तुज्या मानासाठी कित्याक मरू?"

दाजीला वाटलं जमीन दुभंगेल तर बरं. ती काही दुभंगली नाही. सुतक तर आता उरलंच नव्हतं. पुजाऱ्यानं रिवाजाप्रमाणे पहिली स्टिक त्याच्यापुढे धरली. दाजी पायऱ्या चढला, ती घेतली, आणि पुजाऱ्याला थांबवून स्वतःच गाऱ्हाणं घालू लागला.

"बाय सातेरी, तुज्या ह्या गावात बुलीचो मान आजवर गावकारांचो होतो. तो आज हो दाजी गावकार सोडता. हेच्यापुडे जेचो हात चलता तेणी बुली घेवची, मगे तो खंयच्याय घरातलो आसो!"

"होय म्हाराजा!"

सगळं आवार एका आवाजात गरजलं. क्षणाचाही वेळ गेला नाही. दाजीला आत कुठेतरी आशा होती की कोणीतरी "नको, नको" म्हणेल, निदान एखादा जुना मानकरी तरी. एकही म्हणाला नाही. म्हणजे हे सगळे किती वर्षं वाट बघत होते! त्याला पुन्हा संताप आला, आणि तो काढायला आता कोणी उरलं नव्हतं.

तो खाली उतरून सत्यवानसमोर उभा राहिला आणि स्टिक पुढे केली. "घे."

सत्यवाननं हात पुढे केला नाही. "तुमी सोडलात म्हणान तो माझो झालो नाय, दाजीनू. तो तुमचोय कधी नव्हतो," तो म्हणाला. मग देवळात जाऊन त्यानं भिंतीशी टेकवलेल्या स्टिकांतली एक आपल्या हातानं उचलली, तोलून पाहिली आणि मैदानाकडे गेला.

दाजीनं हातातली स्टिक बाळाच्या मागे उभ्या असलेल्या पोराकडे दिली आणि काशीबाईला घेऊन सुरंगीच्या झाडाखाली जाऊन बसला. पंचानं शिट्टी दिली. तीनदा स्टिका टेकल्या, आणि मालवणकराला काही कळायच्या आत सत्यवान चेंडू घेऊन निघाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, भाईला पास दिला, परत घेतला, आणि गोलच्या फळीवर चेंडू असा आदळला की आवाज झाडापर्यंत आला. पोरं बेभान होऊन ओरडू लागली. सातेरीवाडी त्या दिवशी जिंकली आणि स्पर्धेत राहिली, पण ते सगळं पुढे.

त्या पहिल्या गोलालाच काशीबाईचा राग थंडावला. डोळ्यांवर हात धरून ती सत्यवानकडे बघत राहिली.

"काय धावता रे हो!" ती म्हणाली. "इतकी वर्सां हो खंय होतो?"

दाजीनं पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवलं.

"हयसरच होतो, काकी," तो म्हणाला.