सात पिढ्यांची नावं

पडदा सरकला आणि माझ्या शेजारी बसलेल्या अमिनाताने टाळ्यांसाठी उचललेले हात परत मांडीवर ठेवले.

स्टेजवर माझी आठवी-ब होती. तोंडाला काळा रंग, कमरेला सुतळीच्या झालरी, हातात पुठ्ठ्याचे भाले. ढोलाच्या तालावर पोरं 'हू हू' करत उड्या मारत होती आणि मैदानभर पालक हसत होते.

कामोठ्याच्या या शाळेत मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवते. पुस्तक आफ्रिकेला दोन ओळींत उरकतं, म्हणून मी दरवर्षी चार तास काढून माली देशाचा इतिहास शिकवते. टिंबक्टूतली हस्तलिखितं, हजला जाताना कैरोत एवढं सोनं वाटणारा राजा की तिथे सोन्याचा भावच पडला. हे ऐकताना पोरं जांभई द्यायची विसरतात.

यंदा आमच्याच मजल्यावर मालीचं कुटुंब राहायला आलं. सोसायटीत त्यांच्याशी कोणी धड बोलेना. मी त्यांच्यातल्या अमिनाताला सरळ वर्गात नेलं. लोकांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवायच्या आणि समारंभात गायच्या, हे तिच्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. डोळे मिटून तिने आपल्या पूर्वजांची नावं गायली. मग इथे येऊन शिकलेल्या मोडक्या हिंदीत मुलांना म्हणाली, "अब तुम बोलो."

आजोबांच्या पुढे कोणाचीच गाडी सरकेना. मग पोरं घरोघरी म्हाताऱ्यांच्या मागे लागली. तेजसची पणजी गोजराबाई मला बाजारात अडवून म्हणाली, "बाई, जलमात सासऱ्याचं नाव तोंडानं घेतलं न्हवतं. पोरानं हट्ट धरला, म्हनून घेतलं."

स्नेहसंमेलनात हेच करायचं ठरलं होतं. एकेकाने पुढे यायचं, आपल्या सात पिढ्या सांगायच्या. कार्यक्रम बसवत होती जागृती. एकेकाळी माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची, आता माझ्याच शाळेत शिकवते. तालमीला यायचं म्हटलं की म्हणायची, "मेहरुन टीचर, तुमी टेन्शन नका घेऊ. पेपर तपासा, मी आहे ना." मी पेपर तपासत बसले. घरच्या माणसावर कोण पहारा ठेवतं?

नाच संपला. अमिनाता हळूच माझ्याकडे वळली.

"नाम कब बोलेंगे?"

मी उठले आणि तडक स्टेजच्या मागे गेले.

"ट्रस्टींना काहीतरी धमाल पायजे होतं, टीचर," जागृती कपडे आवरता आवरता म्हणाली. "नावं ऐकत कोण बसणार? पब्लिक बोर होते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी नाय म्हणाला असता."

खरंच होतं ते. तिने मला पुरतं ओळखलं होतं आणि म्हणूनच केसाने गळा कापता आला. मला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. अमिनातासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची मीच आग्रहाने धरून ठेवली होती.

मागे नळावर पोरं तोंडं घासत होती. रंग निघत नव्हता. शिपाईमावशींनी खोबरेल तेलाची बाटली आणून दिली. मी ओढणीच्या टोकाला तेल लावून तेजसचा गाल पुसायला घेतला.

"टीचर, मला सगळी पाठ आहेत," तो पुटपुटला. "मी बोललो होतो जागृती टीचरना."

एवढ्यात अमिनाता आली. तिने माझ्या हातातून ओढणीचं टोक काढून घेतलं नाही, स्वतःचा रुमाल तेलात बुडवला आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"बोलो."

"तेजस. बाप अभय. आजोबा कमळाकर." तिचा हात त्याच्या कपाळावरून फिरत होता. "पणजोबा हिराजी. त्यांचे वडील पोशा."

गोजराबाईने जन्मात न घेतलेलं सासऱ्याचं नाव ते. स्टेजवर पुढचं गाणं सुरू झालं होतं, म्हणून अमिनाताने कान त्याच्या तोंडाजवळ नेला. सातही नावं होईपर्यंत तिने तो तिथून हलवला नाही. मग तिने दुसऱ्या मुलाला जवळ ओढलं.

माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.