चपला राखणारी

डिमोनाच्या त्या चार मजली इमारतीला तळापासून गच्चीच्या दारापर्यंत सत्तर पायऱ्या. दहा खेपा केल्या की सातशे. आणि सातशे म्हणजे कनकेश्वराचा डोंगर. मल्काबायचा हा हिशेब अकरा वर्षांचा, अलिबागेकडून इस्राएलात आल्यापासूनचा.

तिचं माहेर शनवार तेल्यांचं, म्हणजे शनवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या यहुद्यांचं. डोंगराच्या पायथ्याशी बापाचा घाणा. दर त्रिपुरी पौर्णिमेला शेजारची चांगुणा पणत्यांसाठी त्याच घाण्याचं तेल घेऊन वर चढायची, नि मल्का तिच्या संगतीला.

डोंगरीच्या देवा, तुझ्या पायऱ्या सातशे
सई चाले संगं, मला वाटती सात गं

वर तळं दिसलं, देऊळ दिसलं, की मल्का शेवटच्या पायरीवर टेकायची. "त्यांचा देव त्यांना, आपला आपल्याला," बापाने बजावलेलं. तेल आत जाई. मल्का बाहेर चांगुणाच्या चपला राखत बसे. लग्नं झाली, पोरं झाली, नेम मोडला नाही. मल्का इस्राएलला निघताना चांगुणा एवढंच म्हणाली, "तू तिकडं चढ, मी इकडं चढते. दिवस तेवढा चुकवू नको."

सत्याहत्तर साली दिवस चुकला.

मल्काचा नवरा अबाजी असता तर चुकता ना. मुंबईहून आलेल्या मराठी कॅलेंडरावर बोट ठेवून तो वार सांगे. मग खाली खुर्ची टाकून बसे आणि दर खेपेला खजुराची एक बी या खिशातून त्या खिशात टाकी. "मल्के, देव दमला, पण तू काय दमत नाहीस!" म्हणून चेष्टा करी. तो त्याच वर्षी, पुरीमच्या सणाच्या सुमारास गेला. मल्काला अक्षरओळख नव्हती. तिने आपला सिनेगॉगच्या महिन्यावर भरवसा ठेवला: सुक्कोथचा सण सरला, की पुढली पुनव ती त्रिपुरी. कठड्याला धरून एकटीने दहा खेपा केल्या. खालची खुर्ची रिकामीच होती.

त्यानंतर महिन्याने, शुक्रवारी भर दुपारी, चांगुणाचं पत्र आलं. तळमजल्यावरच्या सॉलोमनभाऊंनी चष्मा पुसून वाचायला घेतलं.

"'यंदा अधिक श्रावण आला, म्हणून त्रिपुरी पंचवीस नोव्हेंबरला...' अहो मल्काबाय, आजच की!"

"आज? मी तर कधीच चढून बसले!"

"म्हणजे देवाला महिनाभर आधी उठवलंत." भाऊ हसले. पुढच्या ओळीवर मात्र त्यांचा आवाज खाली आला. "'मल्के, माझ्या गुडघ्यांनी जवाब दिलाय. ही शेवटची चढण. दिवेलागणीला तुझ्या पायरीवर घटकाभर बसेन, मग आत जाईन. चपला राखायला ये.'"

"तिकडं दिवेलागण म्हणजे आपले किती?"

"अडीच. आत्ता साडेबारा झाले."

मल्काने अबाजीच्या कोटातल्या बिया काढल्या आणि जिना धरला.

चौथ्या खेपेला सून ओफ्रा बाजाराच्या पिशव्या घेऊन भेटली. "इमा, काय हरवलं?" तिने हिब्रूत विचारलं.

"दिवस," मल्का मराठीत म्हणाली.

ओफ्राला कळलं नाही. "गुडघ्यांचं काय? डॉक्टरांनी काय सांगितलंय?" असं पुटपुटत ती दार लोटून आत गेली. तिच्या रेडिओचा आवाज जिन्यात आला आणि दारामागे बंद झाला.

सातव्या खेपेला गच्चीच्या दाराशी मल्काच्या उजव्या गुडघ्यात कळ आली आणि तिने भिंत धरली. गच्चीवरून खाली वाळवंट पसरलं होतं, तव्यासारखं कोरडं. त्यात ना तळं, ना झाड. मनगटावर अबाजीचं घड्याळ होतं. अडीचला पाच कमी. खिशात तीन बिया उरल्या होत्या. खाली उतरून खेपा पुऱ्या कराव्या, तर चांगुणा पायरीवर येईल आणि पायरी रिकामी.

तीन बिया तिने मुठीत दाबल्या. "राहू दे रे देवा, तुझ्या दोनशेदहा पायऱ्या," म्हणत ती शेवटच्या पायरीवर बसली. आपल्या चपला काढून बाजूला नीट जोडीनं लावल्या, आणि पलीकडे आणखी एका जोडीपुरती जागा सोडली.

ऊन कलंडलं. गच्चीवरच्या दोऱ्यांची सावली भिंतीवर चढली. शनवारच्या शब्बाथचा पहिला भोंगा झाला तशी ओफ्राने खालून हाक मारली, "इमा! दिवे लावायचेत!"

"आले गं," मल्का म्हणाली.

पण उठली नाही. चांगुणा अजून बाहेर आली नव्हती, आणि राखायला दिलेल्या चपला टाकून उठायचं नसतं.