साठवणीतला उत्तररंग

गेल्या एकादशीपासून रेणुकाताई अच्युतबुवांच्या नव्या हायब्रिड गाडीत मागच्या सीटखाली, बॅटरीच्या जागी राहत होत्या. जागा अरुंद, पण कोरडी.

एकादशीच्या कीर्तनात पूर्वरंग बुवांचा झाला, बुक्का लागला, उत्तररंगाला, म्हणजे आख्यानाला, त्यांच्या जोडीने कीर्तन करणाऱ्या ताई उभ्या राहिल्या. आख्यान त्यांनीच रचलेलं. देव खांबातून निघतो, तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर बसून दुष्ट राजाला मांडीवर घेतो. खांब फुटणार तोच बुवांनी हात वर करून ताईंना थांबवलं आणि खांब स्वतः फोडला. दरवेळी असंच. त्या दिवशी ताई गाडीत शिरल्या, त्या उतरल्याच नाहीत.

हिला चार्जिंगला कुठं लावायचं, असं बुवांनी विचारलं. गाडी चालवायचा तो तबलजी मोरेश्वर. तो म्हणाला, "लावायचं नसतं, बुवा. ब्रेक मारला की भरते."

गाडी हलली की मोटर ओढायची, बिनआवाजी, ताईंच्या जिवावर. वेग आला की इंजिन खाकरून जागं व्हायचं आणि सगळं आपणच केल्यासारखं गर्जायचं. चढाला दोघं. उताराला ब्रेक दाबला की चाकंच मोटरला फिरवत आणि थांबण्याचा सगळा जोर ताईंच्यात साठे.

"म्हणजे हिला थांबवलं की फायदा माझाच," मागच्या सीटवर ऐसपैस बसत बुवा हसले.

आंबा घाट उतरताना ते वळणावळणाला ब्रेक मारायला लावत होते. ताई गुडघ्यापर्यंत भरल्या, मग पोटापर्यंत. देवा, अजून एक वळण दे, असं त्या मनोभावे म्हणत होत्या. देव देत होता.

पायथ्याशी जोर गळ्यापर्यंत आला.

"बुवा, भरली," मोरेश्वर म्हणाला. "आता थांबवलेलं काही घेणार नाही ती."

इंजिन बंद पडलं. देवळापाशी लोक हार घेऊन उभे होते. मोरेश्वरने ब्रेक दाबला, गाडी ऐकेना. लोक दोन्ही बाजूंना सरले. पुढची चाकं सभामंडपात, मागची बाहेर, अशी ती उंबरठ्यावर आपणहून थांबली. तिन्हीसांज झाली होती. पुजारी समई लावत होता.

सीटखालून ताईंनी सूर लावला. मोरेश्वरने शेजारच्या सीटवरचा तबला मांडीवर घेतला.

"बुवा," ताई म्हणाल्या, "आज खांब मी फोडते."

बुवांनी नेहमीसारखा हात वर केला. त्यांच्याखालची सीट मांडीसारखी ऊबदार झाली होती, आणि शिवणीतून एकेक नख बाहेर येत होतं.