‘अ‍ॅडजस्ट’ बोलतोय, उधन्याहून

“सुकलाल कामावर गेला ना, की त्याच्या खोलीत दिवसा एक माणूस असतो. आणि ती पोरगी तर…”

अनुसयाचं बोलणं इथवर आलं आणि नळाला पाणी सुटलं. हंड्याकळश्यांच्या खडखडाटात पुढचं वाहून गेलं. धुरपदाबाईचा हंडा भरून सांडायला लागला तरी ती हलेना.

“पोरगी तर काय गं?”

“जाऊ दे ना मावशी. आपल्याला काय करायचंय? ज्याचं त्याने अ‍ॅडजस्ट करावं.”

तो शेवटचा शब्द म्हणजे मी. होय, मी ‘अ‍ॅडजस्ट’ बोलतोय. माझं मूळ गाव सातासमुद्रापलीकडे, पण आता मी पक्का सुरतेचा. चाळीतल्या कुठल्याही घरात मला दार वाजवावं लागत नाही. म्हणून मला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं, अगदी धुरपदाबाईपेक्षाही थोडं जास्त.

सुरतेच्या उधन्याला मी आलो तो लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, एका मिस्त्रीच्या तोंडून. ताण्याचा धागा ढिला पडला की तो म्हणायचा, “जरा अ‍ॅडजस्ट कर.” मग पाना फिरायचा आणि कापड नीट उतरायचं. तेव्हा माझा अर्थ सरळ होता. नीट बसवणं, जुळतं करणं. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे कामगारांच्या जिभेवर बसून मी चाळीत आलो आणि माझी चाल बिघडली. भाजी कमी पडली, अ‍ॅडजस्ट कर. पाहुणे वाढले, अ‍ॅडजस्ट करा. खरं तर मराठीत माझे भाऊबंद किती आहेत. जुळवून घेणं, सांभाळून घेणं, भागवणं, निभावणं. हे झाले सज्जन. खपवून घेणं, सोसणं आणि गिळणं हेही घरचेच, पण त्यांना चारचौघांत कोणी बोलावत नाही. त्यांच्या जागी मला पुढे करतात. म्हणून माझा स्वभाव संशयी झालाय. कोणी मला उच्चारलं की मी आधी त्याच्या पोटात डोकावतो. आत खरा कुठला शब्द दडवलाय, ते पाहतो.

त्या दिवशी अनुसयाच्या पोटात मला ‘सांगणार आहे, पण उद्या’ एवढंच दिसलं.

धुरपदाबाईला मात्र उद्यापर्यंत दम निघणार नव्हता. ती एकटी, जीव लावणारी बाई, कोणाचं पोर तापलं की पहिली धावणारी. पण शेजारच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय तिला स्वतःचा घास गोड लागत नसे. घरी येऊन ती दारातच तांदूळ निवडत बसली, तोंड सुकलालच्या खोलीकडे करून.

दार नुसतं लोटलेलं. उंबऱ्याशी पुरुषी चपला. सुकलाल तर मघाशीच डबा घेऊन गेला. त्याची बायको सरलाबाई आणि लेक जयश्री भिंतीच्या सावलीत बसून मजुरीवर साडीला सोनेरी टिकल्या चिकटवत होत्या. ऊन पुढे आलं की दोघी गोणपाट ओढून मागे सरकायच्या. आत मात्र जायच्या नाहीत.

‘राखण करतायत,’ धुरपदाबाईने मनाशी म्हटलं.

तेवढ्यात एक टोपीवाला पाहुणा तिच्याच ओट्याशी येऊन थांबला. नंदुरबारचे वाल्मिकमामा. त्यांच्या भाच्यासाठी जयश्रीचं स्थळ सुचवलेलं होतं. मुलगी पाहायला यायच्या आधी मुलाकडचं एक माणूस असं गुपचूप येतं आणि शेजाऱ्यांना विचारून जातं. शेजारीण काय बोलते त्यावर पुष्कळदा लग्न ठरतं, नाहीतर मोडतं.

मामांनी बशीत चहा ओतला. “घर कसं आहे, वहिनी? आमच्याकडे माणसं जास्त, जागा कमी. मुलगी अ‍ॅडजस्ट करून घेईल ना?”

“पोरगी गुणाची आहे.”

“ते झालंच. पण नाक्यावर कानावर आलं, दिवसा खोलीत कोणी पुरुष असतो म्हणे. खरं काय?”

धुरपदाबाईच्या जिभेवर मी येऊन उभा राहिलो. ‘असतं हो, अ‍ॅडजस्ट करतात बिचारे,’ एवढं तिने म्हटलं असतं की काम झालं असतं. ना खोटं, ना खरं. मामा काय समजायचं ते समजले असते आणि जयश्रीचं नाव गावोगाव झालं असतं. तिने मला परत लोटलं.

“बसा तुम्ही. मी विरजण घेऊन येते.”

वाटी घेऊन ती तडक शेजारी गेली. सरलाबाई उठेपर्यंत तिने दार ढकललंसुद्धा. खोलीत एकच खाट. तिच्यावर पोटाशी पाय घेऊन एक तरुण झोपलेला. त्याच्या केसांत सोनेरी टिकली चमकत होती. ती पाहून धुरपदाबाईला बाहेर टिकल्या लावत बसलेली जयश्री आठवली.

“बोल वं आक्का, तो काही उठाव नही,” सरलाबाई मागून हळूच अहिराणीत म्हणाली. “त्याना कानमा बोळा शेतस.”

आवाज सोसवत नाही म्हणून लूमवरची माणसं कानात चिंधीचे बोळे घालतात. याने ते काढलेच नव्हते.

हा भटू, सुकलालचा जोडीदार. एकाच लूमवर सुकलालची दिवसपाळी, भटूची रातपाळी. चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेग आला तेव्हा सगळ्यांसारखा तोही गावी पळाला. परत आला तेव्हा भाड्याच्या खोलीतली त्याची झोपायची पाळी दुसऱ्याने घेतलेली. सुकलालने त्याला घरी आणलं. आता लूमही थंड होत नव्हता आणि खाटही.

“मग सांगायचंस ना गं मला.”

“काय सांगू? ह्या, जयश्रीना बाप, बोलनात, अ‍ॅडजस्ट कर. मी करं. तुले सांगं असतं ते नळवर पोचतं.”

“नळावर तर ते माझ्याआधीच पोचलंय,” धुरपदाबाई म्हणाली. तिने पुन्हा त्या टिकलीकडे पाहिलं, मग सरलाबाईच्या कपाळाकडे. तिथेही कुंकवाशेजारी साडीची तसलीच एक चिकटलेली. स्वतःच्या पदराकडे पाहते तर तिथेही; त्या टिकल्या उडून कोणालाही चिकटत होत्या. ती विरजण न घेताच निघाली.

“माणूस असतो, मामा. खरं आहे ते,” तिने परत येऊन सांगितलं. “बापाच्या लूमवरचा जोडीदार, रातपाळीचा. तो झोपतो म्हणून मायलेकी दिवसभर उन्हातान्हात बाहेर बसतात. आत पाय ठेवत नाहीत. चला, दाखवते.”

मामांनी सगळं पाहिलं. झोपलेला भटू, गोणपाट, सरकत चाललेलं ऊन. त्यांचा चेहरा खुलला. “म्हणजे मुलीला सवयच आहे. आमच्याकडे हिला काही जड जायचं नाही. अ‍ॅडजस्ट करेलच.”

सरलाबाईचा जीव भांड्यात पडला. स्थळ राहिलं होतं.

जयश्रीने हातातली टिकली खाली ठेवली. “मामा, एक विचारू? तुमच्या घरी दुपारी बाईमाणसाला पाठ टेकायला जागा आहे का?”

मामा गडबडले. “जागा तशी… पण ओटा आहे की. चांगला ऐसपैस.”

“ओटा तर इथंही आहे,” जयश्री म्हणाली.

मामांनी टोपी नीट केली, “घरी विचारून कळवतो,” म्हणाले आणि स्टेशनाकडे वळले.

संध्याकाळी सुकलालने ऐकलं. ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणायला त्याने तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं आणि मला आतच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवसापासून भटू दुपारचा धुरपदाबाईच्या पडवीत झोपतो. सरलाबाई खाटेवर, जयश्री खाली सतरंजीवर, दोघी घटकाभर आडव्या होतात. नंदुरबारचा निरोप अजून आलेला नाही.

नळावर अनुसयाने राहिलेलं वाक्य अखेर पुरं केलं. “ती पोरगी तर त्याच्याबरोबर पळून जाणार होती म्हणे.”

“माणूस होता, तेवढं खरं,” धुरपदाबाईने हंडा डोक्यावर घेतला. “आता तो माझ्याकडे असतो. माझ्याबद्दल काय म्हणतात तेही पुरं सांग.”

अनुसया हसत सुटली.

मी अजून इथेच आहे, घराघरांतून फिरतोय. वापरून वापरून पार गुळगुळीत झालोय. जाता जाता एवढंच सांगतो. यंत्राला पाना लावतात, तसं माणसाला मला लावू नका. कोणाला ‘अ‍ॅडजस्ट कर’ म्हणण्याआधी, तो दुपारी कुठे बसतो ते एकदा जाऊन बघा. मग मी हवा असेन, तर हाक मारा.