अठ्ठावन्न किलो

आई गेल्यावर अठराव्या दिवशी ताईच्या हातून भाऊ पडला. तिने त्याला काखेत हात घालून उचललं, न्हाणीघराच्या दारापर्यंत नेलं आणि कमरेत अशी चमक भरली की हात आपोआप सुटले. त्याचा ओठ फाटला.

तो जन्मापासून पायांवर उभा राहिलेला नव्हता. सेहेचाळीस वर्षं आईने त्याला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत आणि परत पलंगावर असं वाहिलं होतं. घरात त्याला राजे म्हणत. राजांचे पाय जमिनीला लागत नसतात, हा त्याचाच विनोद. त्या दिवशी फरशीवरूनही तो म्हणाला, "राज्य गेलं, ताई."

तिला हसू आलं नाही. शेजारच्या दोघांना बोलवावं लागलं. त्यांच्यासमोर तो ओल्या अंगाने, नुसत्या टॉवेलात होता. ते काही केल्या तिच्या डोळ्यांसमोरून जाईना.

ताई एक्कावन्न वर्षांची. तयार कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून पँटच्या उंच्या कमी करायची, कंबरा सैल करून द्यायची. तीस वर्षं मशीनवर वाकून पाठीला बाक आला होता. दुकानाशेजारी दातांच्या दवाखान्याखाली, तळघरात एक व्यायामशाळा होती. दुसऱ्या दिवशी ती तिथे उतरली.

तिथली ट्रेनर पस्तिशीची, एके काळी वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरलेली. डाव्या खांद्यावर टाक्यांचा लांब व्रण.

"वजन कमी करायचंय का, ताई?"

"नाही. अठ्ठावन्न किलो उचलायचंय."

"कसलं?"

"भावाचं."

ट्रेनरने पेन खाली ठेवलं. "बसा," ती म्हणाली, "आणि आता हात न टेकता उठा."

ताईला उठता आलं नाही.

पहिला महिना नुसतं खुर्चीतून उठण्या-बसण्यात गेला. मग काठी, मग लोखंडी गोळा. मांड्या अशा भरून यायच्या की मशीनचं पायडल मारताना डोळ्यांत पाणी यायचं. तोवर रोज सकाळी शेजारच्यांची मनधरणी करावी लागे. ते कधी येत, कधी "आलोच" म्हणून येत नसत. मग राजे दुपारपर्यंत तसाच पडून राही, आणि वास आला तरी दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

चौथ्या महिन्यात ट्रेनरने वाळूचं पोतं आणलं. "माणसाला धरायला दांडा नसतो. तो घसरतो, लचकतो, घाबरतो. छातीशी घ्या. पाठीने नाही, पायांनी उठा."

पुढच्या महिन्यात ट्रेनर घरी आली, पलंगाची उंची मोजली, न्हाणीत कुठे पाय रोवायचा ते दाखवलं. ताई चहा करायला गेली तेव्हा दोघं हळू आवाजात काही बोलत होते. ताईला बरं वाटलं. किती दिवसांनी त्याच्याशी बाहेरचं कोणी बोलत होतं.

आठव्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, तिने शेजाऱ्यांना बोलावलंच नाही. राजेला छातीशी घेतलं, श्वास रोखला आणि उठली. अकरा पावलं. न्हाणीतल्या स्टुलावर त्याला अलगद ठेवलं. पाय थरथरत होते, पण कमरेत काही झालं नव्हतं. तिला ओरडावंसं वाटलं.

"बघितलंस?"

तो रडत होता.

"काय रे? लागलं का?"

"आई मला उचलतानाच गेली, ताई."

ती पालथ्या बादलीवर बसली. आई पलंगाशेजारी जमिनीवर सापडली होती. डॉक्टर म्हणाले होते, क्षणात गेल्या. राजे म्हणाला होता, मी झोपलो होतो.

"झोपलो नव्हतो मी. मला पलंगावर ठेवलं आणि खाली बसली. पाणी मागत होती. तांब्या समोर टेबलावर. फोन आत चार्जिंगला. मी हाका मारल्या, घसा बसेपर्यंत. तास-दीड तास मागत होती. मग थांबली. तू सहाला आलीस."

नळाचं पाणी तसंच वाहत होतं. ते बंद करायचं तिला सुचलं नाही.

"मी अपंगांच्या संस्थेत राहायला नाव घातलंय," तो म्हणाला. "जागा झालीये. पुढच्या महिन्यात."

अर्ज ट्रेनरने आणून दिला होता, हेही त्यानेच सांगितलं. ताई तळघराच्या पायऱ्या धडाधडा उतरली.

"आठ महिने माझ्याकडून पोती उचलून घेतलीस, आणि पाठीमागून हे?"

"तुमच्या भावानेच विचारलं, ताईची पाठ किती वर्षं पुरेल. खोटं बोलायला हवं होतं का मी?"

"किती सांगितलीस?"

"दहा. नीट राहिलात तर."

"दहा वर्षं काय थोडी आहेत का ग?" ताईचा आवाज चिरकला.

महिनाभर ताईने त्याला समजावलं, शिव्या घातल्या, दोन दिवस अबोला धरला. तो बधला नाही. "तू जमिनीवर पडलेली मला बघायची नाहीये," एवढंच म्हणायचा. जायच्या दिवशी संस्थेच्या गाडीबरोबर दोन माणसं आली. तिने त्यांना हात लावू दिला नाही. तिसऱ्या मजल्यावरून राजेला स्वतः उतरवलं, प्रत्येक वळणावर थांबत. त्याने तिच्या गळ्याभोवती हात घट्ट आवळले होते. विनोद एकही केला नाही.

पहिल्या रविवारी ती भेटायला गेली तेव्हा त्याला खुर्चीत बसवायची वेळ झाली होती. एका बाईने त्याच्या अंगाखाली कापडी झोळी सरकवली, चार पट्टे माणूस उचलायच्या यंत्राला अडकवले आणि बटण दाबलं. तो हवेत लोंबकळला, मान एका बाजूला.

ताई पुढे झाली. "मी उचलते. मला येतं."

"नाही हो ताई, इथे नातेवाइकांनी उचलायचं नाही. नियम आहे."

"मी आठ महिने—"

"राहू दे, ताई," राजे वरून म्हणाला. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

यंत्र घरघरत त्याला खाली आणत होतं. ताई दोन्ही हात पुढे धरून तशीच उभी राहिली, आणि ती बाई पट्टे सोडायला वाकली तेव्हा, वाट द्यायला, एक पाऊल मागे सरली.