बिनदोऱ्याची शिलाई

मित्रांनो, माझ्या काळ्या अंगावर एकेकाळी सोनेरी वेल होती. आता तिची दोनच पाने उरली आहेत आणि तीही अगदी जवळ येऊन पाहिलीत तरच दिसतील. मी एक जुने शिलाई मशीन आहे, पायाने चालवायचे. आयुष्यभर खटखट करण्यापलीकडे मला काही बोलता आले नाही. पण एका दुपारची गोष्ट माझ्या पोटात राहून गेली आहे. ती आज तुम्हाला सांगून टाकते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी मोठे ऐटबाज होते. एका शिंप्याने मला आपल्या दुकानात, रस्त्याकडच्या खिडकीपाशी बसवले. किती सदरे आणि किती कॉलर माझ्या सुईखालून गेल्या, त्याची गणती नाही. गिऱ्हाइके शिवण उलटून पाहायची आणि म्हणायची, "वा! उलटी बाजूसुद्धा सुलट वाटते!" मशीन दुरुस्त करणारा एक मिस्त्री महिन्यातून एकदा येई. तो सांध्यासांध्यात तेल सोडी, चाक फिरवून कान देऊन ऐके आणि म्हणे, "हे माझ्यापेक्षा जास्त जगणार." असे ऐकले की मी आठवडाभर हवेत असे. मग दुकानात विजेवर चालणारे मशीन आले. माझ्यावर कपड्यांचे गठ्ठे रचले गेले आणि मी अडगळीत जमा झाले.

तिथून मला बाहेर काढले ते शिंप्याच्या पुतणीने. ती लहानपणापासून काकाच्या दुकानात काजे करायला बसायची आणि शिवणे माझ्यावरच शिकली होती. तिचे लग्न ठरले तेव्हा काकाने विचारले, काय देऊ? ती म्हणाली, "दुसरं काही नको. ते जुनं मशीन द्या." तेव्हा मला काय वाटले, ते सांगायला माझ्याकडे खरोखरच शब्द नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी तिच्याबरोबर राहायला आले. तिचा नवरा लांबच्या गावांना ट्रक घेऊन जाई. दहा दिवस बाहेर, दोन दिवस घरी. ती एका दुकानासाठी शाळेचे गणवेश शिवी आणि आम्हा दोघांचे छान चालले होते.

वर्षभरात तिला मुलगी झाली. पाळणा माझ्या शेजारीच आला. शिवायला बसावे तर मूल रडे, मुलाला झोके द्यावेत तर शिवण अडे. मग तिने एक युक्ती केली. पाळण्याची दोरी तिने माझ्या पायडलला बांधली. ती शिवू लागली की पायडल वरखाली होई आणि पाळणा आपोआप हले. भरभर शिवले तर पाळणा नुसता थरथरे, म्हणून ती सावकाश शिवायला शिकली. एका वेळी दोन कामे करणारे मशीन तुम्ही कुठे पाहिले आहे का? मला तर स्वर्ग दोन बोटे उरला होता.

मुलगी अकरा महिन्यांची झाली आणि तिच्या पाठोपाठ भाऊ आला. त्या दिवसापासून सगळे तिला 'मोठी' म्हणू लागले. मित्रांनो, जरा विचार करा. जिला धड उभे राहता येत नव्हते, जी भिंतीला धरून एक पाऊल टाकी आणि धपकन बसे, ती त्या घरातली मोठी! पाळणा धाकट्याला गेला. मोठी खाली जमिनीवर आली आणि आपल्या पाळण्याकडे बोट दाखवून रडू लागली.

त्यानंतर त्या घरात घड्याळाला काही अर्थ उरला नाही. एक झोपला की दुसरी उठे. धाकट्याला पाजायला घ्यावे तर मोठी आईचा पदर ओढत मांडीवर चढे. मोठीला भरवायला बसावे तर धाकटा लंगोट भिजवून टाहो फोडे. "अगं, तू मोठी ना? थांब ना जरा," आई म्हणे. मोठीला त्यातले एक अक्षर कळत नसे. आई उभ्या-उभ्या जेवायची, तेही अर्धेच. तिच्या अगदी नाकी नऊ आले होते. शेजारच्या काकू अधूनमधून डोकावत. "अगंबाई, जुळीच वाटतात! किती गोड!" म्हणत, गाल ओढत आणि जाता जाता सांगत, "आता हे दिवस मजेचे हं, भुर्रकन उडून जातील." दार लागले की आई दाराकडे बघत बसे.

गणवेशांचे कापड कोपऱ्यात तसेच पडून राहिले. पण मी मात्र चालतच होते, कारण मी थांबले की पाळणा थांबे. मग तिने माझ्या चाकाचा मधला स्क्रू सैल केला. त्यामुळे चाक फिरे, पण सुई जागची हलत नसे. ना दोरा, ना कापड. ती तासन् तास नुसती पायडल मारत राही आणि दुसऱ्या पायाने मोठीला माझ्यापासून दूर सारत राही. खरे सांगते, सुरुवातीला मला रागच आला. ज्याने उलटी बाजू सुलट शिवली, त्याने पाळणा हलवायचा? माझ्या सुईला गंज चढत होता आणि मी मनात कुढत होते. तिच्याकडे नीट पाहायचे मला सुचलेच नाही.

एका दुपारी धाकट्याला तापाची कणकण होती. सकाळपासून तो पाळणा थांबू देत नव्हता. ती पायडल मारत होती आणि मारता मारता तिचे डोळे मिटले. पाय मात्र चालूच होता. मोठी रांगत आली. माझ्या लोखंडी पायाला धरून ती उभी राहिली आणि खाली फिरणाऱ्या मोठ्या चाकाकडे टकामका पाहू लागली. मग तिने हात पुढे केला, जिथे चामडी पट्टा चाकात शिरतो तिथे.

मी पाहत होते. मला ओरडायचे होते, पण माझ्याजवळ खटखटच होती आणि ती तर चालूच होती. मला थांबायचे होते, पण मला थांबवावे लागते, मी आपण होऊन थांबू शकत नाही. मी तिला वाचवले असे तुम्हाला सांगायला मला फार आवडले असते. पण खरे तेच सांगते. दोन बोटे आत गेली आणि त्याच क्षणी तो जुना पट्टा सांध्यात तुटला. तो नवा असता तर काय झाले असते, याचा विचार मी आजही करू शकत नाही.

मोठीची किंकाळी ऐकून आई दचकून उठली. बोटांची साल निघाली होती, एक नख काळेनिळे झाले होते. तिने मोठीला कवटाळले, तर पाळणा थांबला म्हणून धाकटा कळवळून रडू लागला. ती दोघांच्या मध्ये जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मी कुणाकुणाला बघू?" मग तीही रडली. घरात तिघे रडत होते आणि उचलून घ्यायला कुणी नव्हते. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, तेव्हा तिने सांगितले, "मोठी पडली. फार नाही लागलं."

दोन दिवसांनी दुकानातून निरोप आला की गणवेश तयार करा, नाहीतर कापड परत पाठवा. तिने मिस्त्रीला बोलावले. तोच तो, शिंप्याच्या दुकानातला. आता त्याचे केस पिकले होते. त्याने मला उघडले, आत फुंकर मारली आणि बॉबिन काढून पाहिली.

"पोरी, दोरा नाही. सुई गंजलीय. आत धूळ साचलीय. पण पायडल बघ कसं घासून चकाकतंय. काय शिवतेस तू?"

"काही नाही, काका. नुसतं चालवते."

त्याने पायडलला बांधलेली दोरी पाहिली, पाळणा पाहिला आणि मोठीच्या बोटांवरची पट्टी पाहिली. मग तीच म्हणाली, "ती पडली नाही, काका. माझा डोळा लागला होता. मी ह्यांनासुद्धा खरं सांगितलं नाही."

मिस्त्री उठला. त्याने तेलकट हात साबणाने दोनदा धुतले आणि धाकट्याला पाळण्यातून उचलले. मग मोठीला दुसऱ्या मांडीवर घेऊन तो जमिनीवरच बसला. "आमचीही दोन अशीच पाठोपाठची होती," तो म्हणाला. "मी दिवसभर लोकांची मशीनं ठीक करत फिरायचो. बायकोला कधी विचारलंच नाही, तुझं कसं चाललंय म्हणून. तू जा, जेवून घे. बसून जेव. आणि ते कापड परत पाठव. गणवेश कुणीही शिवेल."

ती बसून जेवली. मग आतल्या खोलीत आडवी झाली ती दिवे लागेपर्यंत उठलीच नाही. मिस्त्रीची पिशवी माझ्यापाशी तशीच पडून राहिली. त्या दिवशी माझी दुरुस्ती झाली नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचे वाईट वाटले नाही.

तुम्ही म्हणाल, मग पुढे सगळे सुरळीत झाले का? नाही. दुसऱ्या दिवशी दोघेही एकदमच रडले आणि तिसऱ्या दिवशीही. पायडलची दोरी तिने सोडून टाकली आहे. नवऱ्याला तिने खरे काय ते सांगितले. त्याने मोठीची बोटे हातात घेऊन पाहिली आणि दोन दिवसांनी तो पुन्हा ट्रक घेऊन गेला. मिस्त्री मात्र दर गुरुवारी येतो. पट्टा बसवायचा राहिलाय, असे दारातूनच सांगतो. पट्टा त्याच्या पिशवीत आहे. बसवायला पाच मिनिटे लागतात, पण तो पिशवी उघडत नाही, आधी हात धुतो आणि मुलांना घेतो.

मित्रांनो, जुनी मशीने शेवटी मागतात, तसे तेल मी तुमच्याकडे मागत नाही. माझी वेलही पुन्हा रंगवू नका. फक्त तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरात अशी पाठोपाठची लेकरे असतील, तर 'किती गोड' म्हणून दारातून परत फिरू नका. आत जा, हात धुवा आणि दोघांतल्या एकाला उचलून घ्या. त्या दुपारी मी सगळे पाहत होते आणि मला काही करता आले नाही, कारण मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.