देवीच्या न्हाणाचे पाणी

मित्रांनो, जरा सावकाश बसा, माझी मागची सीट उसवली आहे. मी शिराळ्याच्या हरिबांची जुनी जीप. चांदोलीच्या जंगलात पाहुण्यांना फिरवून फिरवून माझा रंग उडाला आणि आवाजाला खोकला लागला. पूर्वी लोक मला टेकून फोटो काढायचे. आता विचारतात, "दुसरी गाडी नाही का?" मी ऐकते आणि चालू होते.

दिवाळीनंतर साळूबाई आल्या. त्यांचे गाव याच जंगलात होते. जंगल राखीव झाले, गाव उठले आणि देवीला मांडीवर घेऊन माणसे कडेगावकडे, उसाच्या रानात राहायला गेली. पण देवीचे वर्षाचे न्हाण जुन्या धबधब्याच्याच पाण्याने व्हायचे. ते न्यायला साळूबाई तांब्याची कळशी घेऊन आल्या होत्या. सोबत मुलगा नाथाजी, फौजेतून निवृत्त झालेला.

वाटेत शेकरू दिसले. पुढे धबधब्याचा गारवा आला आणि साळूबाई गुणगुणल्या,

"कड्याची गं धार, कोसळते दुधावानी,
माय माझी न्हाते, तिच्या माहेराच्या पाण्यानी."

देवीच्या पाण्यात मळके पाय घालायचे नाहीत, ही त्यांची रीत. म्हणून नाथाजीने माझ्यासाठी ठेवलेल्या कॅनमधल्या पाण्याने सगळ्यांचे पाय धुतले. हरिबा कॅन पुन्हा भरायला वाकले, तर नाथाजी म्हणाला, "आवं तात्या, देवीचं पाणी हाय. कळशीभरच न्यायचं."

परतीच्या चढावर माझा गळका रेडिएटर तापला. वाफ सोडून मी थांबले. मागच्या वळणावर आता गव्यांचा कळप रस्ता अडवून उभा होता, त्यामुळे परत धबधब्याच्या ओढ्याकडे जाणे शक्य नव्हते. दिवस बुडायच्या आत जंगलाच्या फाटकाबाहेर पडायचे होते.

"हिला पाणी पायजे," हरिबा म्हणाले.

"कॅन रिकामा हाय."

"कुणी केला रं, फौजी?"

नाथाजीने भरलेली कळशी गुडघ्यांत घट्ट धरली. "गावात बायका न्हाणासाठी वाट बघत्यात तात्या. पुढल्या साली आमच्या आयला यायला जमंल का, कुणाला ठावं."

"मला आजच गव्याफुडं बसवून जा मग," साळूबाई म्हणाल्या. त्या खाली उतरल्या. माझ्या तापल्या पत्र्याजवळ हात नेला. "चढ लागला की मला बी असंच हुतं. ती कळशी वत रं हरिबा."

"काकी, देवीचं हाय."

"तान लागलीया न्हवं हिला? मग वत."

मी निवाले, तेव्हा हरिबांनी ते पाणी मला पाजले. मित्रांनो, इतके गार पाणी मी जन्मात प्यायले नव्हते. कण्हत कण्हत मी फाटक गाठले.

रिकामी कळशी मांडीवर घेऊन नाथाजीने विचारले, "आये, गावात काय सांगायचं?"

"खरं सांगायचं. वाटंत एक म्हातारी तानेनं बसली हुती, तिला पाजलं. देवी काय बोलायची न्हाई. बायकांचं मी बघती."

मित्रांनो, मी आता थकले आहे. तुम्ही रानात या, धबधबे बघा. पण निघण्याआधी आमचे झाकण उघडून पाणी तेवढे बघा. आम्हाला मागता येत नाही. आम्ही थांबतो, तेव्हाच तुम्हाला कळते.